परबबाईंची वही

आमच्या शाळेचं लॅमिनेशनचं मशीन माझ्या टेबलावर होतं, एवढ्याच कारणाने परबबाईंची आणि माझी ओळख वाढली. मी मुलुंडच्या एका विशेष मुलांच्या शाळेत कारकून. शाळा म्हणजे एका जुन्या सोसायटीचा तळमजला, सहा खोल्या, एक व्हरांडा आणि चाळीसेक मुलं. त्यातली निम्मी तोंडाने बोलत नसत. कोणाला शब्द फुटलेच नव्हते, कोणाचे ओठ आणि जीभ त्याचं ऐकत नव्हते, कोणी बोलायचा पण जाहिरातीतलं एकच वाक्य, दिवसभर. या मुलांच्या गळ्यात एकेक वही लटकवलेली असायची. वहीत चित्रं. चहा, पाणी, भूक, संडास, बस, आई. मुलाने चित्रावर बोट ठेवायचं आणि समोरच्याने ते ऐकायचं. परबबाई 'ऐकायचं' हाच शब्द वापरायच्या. बोट ठेवलेलं आपण बघतो, ऐकत नाही, हे माझं म्हणणं त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "तो बोलला ना, कांबळे? मग तू ऐक," एवढं म्हणून त्या विषय संपवायच्या.

चित्रं बाई करायच्या आणि मी ती प्लास्टिकमध्ये बंद करायचो. बरोबर साडेबाराला, मी डबा उघडला की, त्या वीस-पंचवीस चौकोनी कागद घेऊन हजर. "जेवून घे, जेवून घे, घाई नाय," असं म्हणत समोरच्या खुर्चीवर बसायच्या आणि माझ्या घासांकडे बघत राहायच्या. असं कोणी बघत असताना माणूस काय जेवणार? मी अर्धी पोळी तशीच ठेवून मशीन गरम करायला लावायचो. त्यावर त्या म्हणायच्या, "अरे, जेव म्हटलं ना तुला."

बाई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, गुडघे दुखायचे म्हणून. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. पर्समध्ये बाराही महिने एक मोठी कात्री. एकदा घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत ती कात्री काढून घेतली, तर बाई पंधरा मिनिटं हुज्जत घालून शेवटी मेट्रोने गेल्याच नाहीत, रिक्षाने गेल्या. मूळच्या मालवणकडच्या, जन्म भांडुपचा. शाळेत त्या तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलत, पण राग आला किंवा जीव कळवळला की मालवणी आपोआप बाहेर यायची. त्यातले दोन शब्द सगळ्या शाळेला पाठ होते. "वायच रवा." म्हणजे जरा थांबा.

हे थांबणं हाच त्यांचा सगळा धंदा होता. मुलासमोर वही उघडायची, आणि मग दहापर्यंत मोजायचं, मनातल्या मनात. मध्ये बोलायचं नाही, चित्र सुचवायचं नाही, मुलाचा हात धरून बोट टेकवायचं तर मुळीच नाही. नव्या शिक्षिका तीनवर पोचल्या की त्यांना राहवत नसे. "पाणी पाहिजे का बाळा? पाणी?" असं त्या सुरू करायच्या, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज यायचा, "वायच रवा!" मुलांच्या आयांना त्या सांगायच्या, "तुम्ही इतक्या हुशार आहात की त्याच्या आधी तुम्हालाच कळतं. मग तो कशाला बोलेल?" आया हसायच्या. मला हे वाक्य तेव्हा नुसतं खोचक वाटायचं.

दुसरा नियम, चित्र जसं रोज दिसतं तसंच हवं. शाळेला कोणीतरी परदेशी चित्रांचा संच भेट दिला होता. छान गुळगुळीत रंगीत चित्रं. त्यात बस पिवळी, जेवण म्हणजे काटे-चमचे, आणि संडास म्हणजे पांढराशुभ्र कमोड. बाईंनी दोन दिवस तो संच वापरला आणि मग कपाटावर टाकला. चाळीत राहणाऱ्या एका मुलाने कमोडच्या चित्रावर काही केल्या बोट ठेवलं नाही, कारण त्याच्या आयुष्यात ती वस्तूच नव्हती. बाई रविवारी त्याच्या चाळीत गेल्या आणि सार्वजनिक संडासाच्या दारात उभ्या राहून मोबाइलने फोटो काढायला लागल्या. रांगेतल्या बायका भडकल्या. "ए बाई, काही लाज आहे का? फोटो कसले काढतेस?" प्रकरण चाळ कमिटीच्या सेक्रेटरीपर्यंत गेलं. बाईंनी त्यालाही वहीची सगळी माहिती दिली. शेवटी त्या सेक्रेटरीनेच बायकांना बाजूला केलं, निळी बादली नीट मध्यभागी ठेवली आणि म्हणाला, "आता घ्या, उजेड चांगला आहे." सोमवारी मी त्या फोटोला लॅमिनेशन केलं. डबा समोर उघडा होता, हे वेगळं सांगत नाही.

तिसरा नियम असा की वहीच्या पहिल्या पानावर 'नको' पाहिजे. लाल पंजा. चहा-पाणी त्यानंतर. बाई म्हणायच्या, पाहिजे ते कोणीही देतं, तोंडात कोंबतंसुद्धा. नको म्हणायची सोय मात्र या पोरांना कोणी दिलेली नसते. एका वर्षी गणवेश वाटायला पाहुणे आले होते. चांगले गृहस्थ, मोठं मन. फोटो काढताना त्यांनी रुक्साना नावाच्या आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचा गाल धरला. रुक्सानाला कोणी हात लावलेला खपत नसे. तिने वही उघडली आणि लाल पंजावर थाडथाड बोट आपटायला सुरुवात केली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, घाईने म्हणाल्या, "लाजते ती जरा." परबबाई मागून म्हणाल्या, "लाजत नाहीये. तुम्ही गाल धरलाय ना सर, तो नको म्हणतेय." सरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. नंतर ऑफिसात, माझ्यासमोर, मोठ्या बाईंनी परबबाईंची अशी खरडपट्टी काढली की मलाच कुठे बघावं कळेना. परबबाई मान खाली घालून उभ्या. व्हरांड्यात आल्यावर बघतो तर पदर तोंडाला लावून हसतायत. "पोरगी भांडली रे, कांबळे! पहिल्यांदा भांडली!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कांदाभजी खिलवली. मोठ्या बाईंच्या टेबलावरही एक बशी गेली.

आणि ओंकारची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ओंकार सात वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील काविळीने गेले. त्याच्या वहीत वडिलांचा फोटो होता. तेरावं झालं, ओंकार शाळेत येऊ लागला, आणि एका सकाळी त्याची आई बाईंसमोर येऊन उभी राहिली. "बाई, तो फोटो काढून टाका. दिवसभर त्यावर बोट ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मी काय सांगू त्याला? मी कुठून आणू?" आणि ती तिथेच खाली बसली. कोणीही फोटो काढला असता. मी तर मनात काढलासुद्धा. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता. म्हणाल्या, "तुझा नवरा गेला तर तुझ्या तोंडातून त्याचं नाव काढून घेतलं का कोणी? मग याचं का काढून घेतेस? देता येत नाही ते येत नाही. पण मागू तर दे त्याला."

पुढे काही महिने रोज हाच क्रम चालला. ओंकार फोटोवर बोट ठेवायचा. बाई दहापर्यंत मोजायच्या. मग म्हणायच्या, "बाबा पाहिजेत तुला. कळलं मला. बाबा नाहीत." तो बोट उचलायचा नाही. त्या बसून राहायच्या. मूल बोट उचलत नाही तोवर वही मिटायची नाही, हाही त्यांचा नियम होता. एकदा जेवणाची सुट्टी संपून घंटा झाली, दोघं तशीच व्हरांड्यात. मी कपात चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. हळूहळू बोट लवकर उठू लागलं. फोटो मात्र वहीत राहिला तो राहिलाच.

अशा या बाईंच्या घरी जायचा प्रसंग मला अकरा वर्षांत एकदाच आला होता. त्यांना ताप होता आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये राहिली होती, म्हणून दुपारी मी भांडुपला गेलो. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत चौथा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. दार बाईंनी उघडलं. आत खिडकीशी पलंगावर एक माणूस बसला होता. कानशिलांवर पांढरे केस, चौकटीचा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला, नजर खाली वळणावरच्या बसवर. "हा दिगू. माझा भाऊ," बाई म्हणाल्या. दिगंबर. त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा चाळिशी ओलांडलेला. आई-वडील जाऊन जमाना झाला होता. बाई शाळेत असताना शेजारच्या मालूकाकी त्याच्याकडे बघायच्या. बाईंनी लग्न का केलं नाही, हा प्रश्न शाळेत आम्ही अधूनमधून चघळायचो. त्या खोलीत मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि मला माझीच लाज वाटली.

दिगू बोलत नव्हता. एक शब्दही नाही. पण त्या खोलीत बोलण्याची गरजच नव्हती. त्याने मान किंचित वळवली की बाई उठून पंखा कमी करायच्या. त्याने बोटं शर्टाला पुसली की टॉवेल पुढे. मी बसलो होतो तेवढ्यात त्याची नजर ओट्याकडे गेली न गेली तोच बाईंनी तापातही उठून चहाचं आधण ठेवलं. मी सहज विचारलं, "बाई, याची वही कुठे आहे?"

"आहे की. कॅलेंडरच्या मागे." खिळ्याला खरंच एक वही होती. प्लास्टिक पिवळं पडलेलं, माझ्या आधीच्या कारकुनाच्या काळातलं. पानांवर धूळ. "त्याला काय करायचीय वही?" बाई चहा गाळताना म्हणाल्या. "मी आहे ना."

रोज आयांना सुनावणारी बाई हे म्हणाली, आणि तिला स्वतःला ते ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं. मी किल्ली घेतली, चहा प्यायलो आणि निघालो. मी कारकून माणूस, बाईंना काय शिकवणार, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. आज ते मला पटत नाही. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर बाई रागावल्या असत्या, आठवडाभर लॅमिनेशनला आल्या नसत्या, पण दिगूला वही शिकायला काही वर्षं जास्त मिळाली असती.

त्यानंतर तीन वर्षांनी, निवृत्तीला सहा महिने उरले असताना, बाई एकदा साडेबाराला आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हते. "मोठी वही करायचीय, कांबळे. चाळीस चित्रांची. प्लास्टिक आहे का?"

"कोणासाठी?"

"एक ॲडमिशन आहे. जरा उशिरा झालीय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या पोटात गाठ निघाली. पसरलीय म्हणाले. वर्षही धरू नका म्हणाले."

मी मशीनचं बटण दाबलं. ते गरम होईपर्यंत आम्ही दोघं त्या लाल दिव्याकडे बघत बसलो.

बोरिवलीला काही पालकांनी मिळून चालवलेलं एक घर आहे. दहा-बारा मोठी झालेली मुलं तिथे राहतात. तिथल्या मेघनाताई दिगूला घ्यायला तयार होत्या, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "परबताई, निदान चार गोष्टी तरी त्याने आम्हाला सांगता यायला हव्यात. दुखतंय, संडास, भूक, नको. नाही तर तो आरडाओरडा करेल, आम्हाला कळणार नाही, आणि मग आम्ही त्याला सांभाळू शकणार नाही." बाईंनी हात जोडले नाहीत की रडल्या नाहीत. चार महिन्यांची मुदत मागून घेतली.

पण वही शिकवायची म्हणजे बाईंनी आधी काय करायला हवं होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना न कळायला शिकायचं होतं.

बाई रजेवर गेल्या होत्या. चित्रं पोचवायला मी आता दर शनिवारी दुपारी भांडुपला जायचो, म्हणून हे मी पाहिलं. दिगू ओट्याकडे बघायचा. बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या. तो पुन्हा बघायचा, मग घशातून आवाज काढायचा. बाई वळायच्या आणि वही पुढे धरायच्या. "काय व्हया, दिगू? माका कळूक नाय."

दिगू त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. जन्मापासून जिला सगळं कळत आलं, तिला आज कळत नव्हतं. त्याने बाईंचा हात धरला आणि ओट्याकडे ओढला. हीच सवय बाई शाळेत मोडून काढायच्या. हात ओढायचा नाही, बोट ठेवायचं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि वही पुढे केली. "माका कळूक नाय रे. हयसर दाखव." मग तो रडायला लागला, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, तोंड उघडं टाकून. कपाळ भिंतीवर आपटायला लागला. बाईंनी भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळवा घातला आणि तसाच राहू दिला. वही दुसऱ्या हातात उघडी. दहा, मग पुन्हा दहा, मग पुन्हा दहा. मी म्हणालो, "बाई, द्या ना चहा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून मोरीतला नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. बाई आत रडतायत हे चौथ्या मजल्यावर सगळ्यांना कळलं असणार.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी सकाळी शाळेत मला त्यांचा फोन आला. "ठेवलान! चहावर बोट ठेवलान रे!" नंतर कळलं की त्यांनी त्याला लागोपाठ तीन कप दिले. मालूकाकींनी ओरडून थांबवलं तेव्हा थांबल्या.

त्यानंतर शब्द भराभर आले म्हणावे इतके आले. बस. नको. दुखतंय. संडास. खिडकी. घर, म्हणजे त्यांच्याच दाराचा फोटो, हिरव्या पडद्यासकट. बाई वाळत होत्या आणि दिगू बोलत होता. शूज सैल झाले म्हणून त्यांनी आत कापूस घातला होता. चौथ्या महिन्यात त्याच्या वहीत एकोणचाळीस चित्रं झाली. बाई त्यासाठी शाळेत आल्या होत्या, आणि ती सगळी माझ्या टेबलावर मांडलेली असताना माझ्या लक्षात आलं.

"बाई, तुमचा फोटो राहिला."

"नको."

"नियम तुमचाच आहे. ओंकारच्या आईला—"

"माहीत आहे मला कोणाला काय सांगितलं ते." आवाज चढला, मग एकदम उतरला. "कांबळे, मी गेल्यावर तो रोज बोट ठेवेल. मेघनाताई काय देतील त्याला? तू काय देशील? ओंकारजवळ त्याची आई तरी होती रे. याच्याजवळ कोण आहे? नसलेलं माणूस मागायला कशाला शिकवू? माझ्याच्याने नाही व्हायचं." शेवटच्या पानावरचा शेवटचा खण त्यांनी रिकामा ठेवायला सांगितला. मी ठेवला. या वेळी मी बोललो होतो, पण उपयोग झाला नव्हता.

दिगू बोरिवलीला गेला. बाई स्वतः सोडायला गेल्या, दोन दिवस तिथे राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या नकळत निघाल्या. पहिले दिवस वाईट गेले. मग मेघनाताईंचा निरोप आला की त्याने दाढेवर हात ठेवून 'दुखतंय' दाखवलं, दातवाल्याकडे नेलं, दाढ किडलेली निघाली. बाई तेव्हा मुलुंडच्या एका इस्पितळात होत्या. ही दाढेची बातमी त्यांनी नर्सला, आयाला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला अशी मिळून तीन-चारदा सांगितली.

शेवटच्या आठवड्यात मेघनाताई दिगूला भेटायला घेऊन आल्या. दुपारची चारची वेळ, जनरल वॉर्ड, नातेवाइकांची गर्दी. मी आधीच जाऊन बसलो होतो. दिगूने बाईंना लांबून ओळखलं नाही. अगदी जवळ येऊन तो उभा राहिला आणि मग खाटेच्या कडेवर बसला. दोन महिन्यांनी भाऊ-बहीण भेटत होते. बाईंनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

दिगूने गळ्यातली वही उघडली. बाईंच्या डोळ्यांत एकदम शाळा आली. मेघनाताई मदतीला वाकल्या तशी उशीवरून बारीक आवाज आला, "वायच रवा."

त्याने पानं उलटली. पुढे गेला, मागे आला. चहावर थांबला नाही, बसवर थांबला नाही. काहीतरी शोधत होता आणि ते सापडत नव्हतं. शेवटच्या पानावर गेला. रिकाम्या खणावर त्याने बोट फिरवलं, प्लास्टिकच्या आत काही आहे का बघावं तसं. मी बाईंकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. मग तो परत फिरला आणि घराच्या फोटोचं पान काढलं, हिरव्या पडद्याचं. वही त्याने चादरीवर ठेवली. बाईंचा हात मनगटाला धरून उचलला, सलाइनच्या नळीसकट, आणि त्या फोटोवर ठेवला. नुसता ठेवला नाही, वरून आपला पंजा दाबून धरला.

हात ओढायचा नाही, हा नियम त्याने मोडला होता. वहीत ताई नव्हती म्हणून त्याने खरी ताई उचलून घरावर ठेवली होती. ताई, घरी. दोन शब्द एकापुढे एक त्याने कधीच ठेवले नव्हते.

बाईंनी दहापर्यंत मोजलं की नाही मला माहीत नाही. खूप वेळ गेला एवढं खरं. मग त्या म्हणाल्या, "कळला रे, दिगू." आणि मग सगळ्या वॉर्डासमोर, मोरीतला नळ न सोडता, त्या रडल्या. "माका सगळा कळत होता रे. चहा पण कळत होता. पयल्या दिवसापासून सगळा कळत होता."

दिगूने हात उचलला नाही. बाईंना घरी नेणं आमच्यापैकी कोणाच्याच हातात नव्हतं. कितीतरी वेळाने बाई मला म्हणाल्या, "कांबळे, मोबाइल आहे ना? फोटो काढ माझा. शेवटच्या खणात घाल."

मी म्हणालो, "घरातला एखादा जुना, चांगला बघून घालू का?"

"जसं दिसतं तसंच," त्या म्हणाल्या. "फक्त चष्मा दे. चष्म्याशिवाय मी त्याला माहीतच नाही." मी चष्मा लावून दिला. तो नाकावर टिकेना इतक्या त्या वाळल्या होत्या. मी फोटो काढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. फोटोत त्या दिगूकडे बघतायत, आणि थांबल्यायत. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं. शनिवारी पहाटे त्या गेल्या.

तो फोटो मी सोमवारी लॅमिनेट केला. इतक्या वर्षांत माझ्या हातून प्लास्टिकमध्ये बुडबुडा राहिला नव्हता, या वेळी एका कोपऱ्यात राहिला. दुसरा करता आला असता, पण मी तोच घेऊन बोरिवलीला गेलो.

आता महिन्यातून दोन रविवार मी जातो. दिगू बरा आहे. चहासाठी बोट ठेवतो, मेघनाताईंशी 'नको' म्हणून भांडतो. मी दिसलो की मात्र वही उघडून थेट शेवटच्या पानावर जातो, त्या फोटोवर बोट ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मी दहापर्यंत मोजतो. माझं गाव औरंगाबादकडचं, मालवणी मला येत नाही, जिभेवर नीट बसतही नाही. तरी म्हणतो, "ताई व्हयी तुका. कळला रे, दिगू. ताई नाय." त्यापुढे त्याला द्यायला माझ्याकडे काही नसतं. तो बोट उचलत नाही, आणि मी वही मिटत नाही.